सुती माणसाच्या हृदयातलं पॉलिएस्टर

मधू भावजी,

तुमच्या तेराव्याला मी पोहे केले. वाफेवरचे. लग्न होऊन वाईहून इंदूरला आले तेव्हापासून तुमच्याशी भांडत आले की पोहे फोडणीत परततात, वाफवत नाहीत, ती काय इडली आहे? आणि शेवटी केले ते तुमच्या पद्धतीचेच. वर शेव, तुमचा तो जीरावन मसाला, बारीक कांदा, डाळिंबाचे दाणे, सगळं साग्रसंगीत. गुरुजींनी सांगितलेलं जेवण वेगळं होतंच. पण परदेशीपुऱ्याहून तुमचे मिलचे दोस्त आले, पुढे रामेश्वर भिया, हातात जिलबीचा पुडा. दारातच म्हणाले, "भाभीजी, मधू के नाम पे पोहे नहीं बने तो वो ऊपर जाएगा ही नहीं, यहीं घूमेगा." मी म्हटलं, फिरू दे की, एवढं घर आहे! तर तुमचे थोरले बंधू, म्हणजे आमचे नाना, ज्यांनी अख्ख्या संसारात गॅस पेटवला नाही, ते उठून पोहे भिजवायला लागले. पाण्यात बुडवून ठेवले हो! लगदा झाला असता. मग मलाच उठावं लागलं. सगळे पोटभर जेवले आणि तुमच्या गोष्टी सांगून इतके हसले, की शेजारच्या मंजू भाभीने डोकावून पाहिलं, तेरावा याच घरी आहे ना म्हणून.

आज तुम्हाला जाऊन एकवीस दिवस झाले. तुमच्याशी बोलायची सवय सुटत नाही. सकाळी चहा टाकताना अजून तिसरा कप काढते, मग स्वतःवरच चिडते आणि तो कपही मीच पिते. साखर वाढायची एक दिवस, आणि तुम्हीच जबाबदार असाल.

तुमच्याबद्दल लोक चांगलं चांगलं बोलून गेले. हसतमुख होते, देवमाणूस होते, मिलमध्ये त्यांच्यासारखा विव्हिंग मास्टर झाला नाही. देवमाणूस वगैरे काही नव्हता तुम्ही. ओला टॉवेल पलंगावर टाकणारा, डब्यातले लाडू मोजून ठेवले तरी खाणारा, माझ्या शुद्ध मराठीची आल्यागेल्यासमोर नक्कल करणारा माणूस देवमाणूस कसा होईल? लग्न केलं नाहीत, आमच्याकडेच राहिलात, आणि दिराने वहिनीला जेवढं छळायचं तेवढं सव्याज छळलंत. मी लिहितेय ते तुमचे गुण गायला नाही. एक गोष्ट मी तुम्हाला अकरा वर्षं सांगितली नाही आणि एक प्रश्न अकरा वर्षं कुणाला विचारला नाही, म्हणून लिहितेय.

तो रविवार. तुम्हाला आठवतोय, मला माहीत आहे. चैत्र संपत आला होता, गच्चीवर ऊन तापलं होतं आणि मी कुरडयांचा घाट घातला होता. तीन दिवस गहू भिजवून, वाटून, चीक शिजवून पातेलं तयार. ते गरम पातेलं दोन जिने चढवून वर न्यायचं काम दरवर्षी तुमचं. तुम्ही सकाळी पोहे-जिलबी खाऊन आलात आणि स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभे राहिलात. म्हणालात, "वहिनी, छातीत जरा जड होऊन राहिलंय."

आणि मी काय म्हटलं? भावजी, मी म्हटलं, "कामाचं नाव काढलं की बरं तुमच्या छातीत जड होतं!"

तुम्ही हसलात. कपाळावर घाम होता, तो मी पाहिला. पाहिला हो! पण चैत्रातला घाम, कुणाला येत नाही? चिमूटभर ओवा, काळं मीठ आणि गरम पाणी तुमच्या हातात दिलं. म्हटलं, "गॅस आहे. एवढी जिलबी कोण खातं सकाळी? घ्या आणि उचला पातेलं." तुम्ही ओवा चावलात, तोंड वाकडं केलंत आणि पातेलं उचललंत. मध्ये पहिल्या मजल्यावर थांबलात. मी वरून ओरडले, "चीक गार होतोय!" मग आलात वर.

आमच्या घरात औषधाचा कारभार माझ्याकडे. कुणाचं काही दुखलं की माझ्या फडताळातले डबे निघायचे, ओवा, हिंग, सुंठ, बाळहिरडा. नाना दबक्या आवाजात म्हणाले होते, "डॉक्टरला दाखवू या का?" मी त्यांना गप्प केलं. शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलेली बाई मी. नववीच्या वर्गात दरवर्षी फळ्यावर हृदय काढलेलं, चार कप्पे, एका बाजूला लाल खडू, दुसऱ्या बाजूला निळा, मध्ये पांढरी भिंत. आकृती न बघता काढायचे. आणि दारात उभा असलेला हृदयविकार मला ओळखता आला नाही. छातीत काही झालं की तो गॅसच. या इंदुरात छातीत दुखलं की आधी कचोरीवर संशय घेतात, हे खरंच आहे. पण मी इंदूरची कुठे होते? मी तर रोज सांगायचे, मी वाईची म्हणून.

सोमवारी तुम्ही गप्प होता. पोहे नको म्हणालात. तुम्ही, पोहे नको म्हणालात! तेव्हा तरी मला कळायला हवं होतं. मी आणखी ओवा दिला. मंगळवारी सकाळी तुम्हाला श्वास पुरेना, ओठ निळसर दिसायला लागले, आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. नानांनी आणि मंजू भाभीच्या नवऱ्याने तुम्हाला उचलून गाडीत घातलं. मी पायात दोन वेगळ्या चपला घालून मागे बसले.

तिथे तो डॉक्टर भेटला. कोल्हापूरचा, तेव्हा अगदी कोवळा, नुकताच इकडे आलेला. आम्हाला मराठी बोलताना ऐकून त्याचा चेहरा खुलला आणि लगेच गंभीर झाला. त्याने मला बाजूला घेऊन समजावलं. "काकू, अटॅक दोन दिवसांपूर्वीच येऊन गेलाय. मोठा होता. ज्या भागाला रक्त मिळालं नाही तो भाग मेला, मऊ पडला, आणि खालच्या दोन कप्प्यांच्या मधली भिंत फाटलीय. भोक पडलंय बघा." मला वाटलं कुणीतरी ओला बोळा घेऊन माझ्या फळ्यावरची पांढरी भिंत पुसली. डावीकडचं रक्त उजवीकडे घुसत होतं, लाल खडू निळ्यात. वर्गात एखाद्या पोराने तशी आकृती काढली असती तर मी शून्य दिलं असतं.

तुम्हाला मात्र कशाचं काही नाही! मांडीतून नळी घालून महाधमनीत एक फुगा सोडलेला, हृदयाच्या ठोक्याबरोबर फुगायचा आणि मिटायचा, म्हणजे त्या फाटक्या हृदयावरचा भार जरा कमी. पाय हलवायचा नाही, उठायचं नाही. ऑपरेशन लगेच करता येत नव्हतं. डॉक्टर म्हणाला, "आत्ता टाका घातला तर धरणार नाही, फाटत जाईल. तब्येत थोडी टिकवता आली तर काही दिवस थांबू, कडा जरा घट्ट होऊ देत." आम्ही सगळे रडायच्या बेतात. आणि तुम्ही ऑक्सिजनचा मास्क बाजूला सारून म्हणालात, "मतलब कुजलेलं कापड आहे, डॉक्टरसाहेब. कुजलेल्या कापडावर टाका कसा धरेल? चांगल्या पोतापर्यंत लांब जाऊन घ्यावा लागेल."

डॉक्टर बघतच राहिला. म्हणाला, "काका, तसंच करतो आम्ही. लांबून, धडधाकट स्नायूतून टाके घेतो, टाका कापू नये म्हणून खाली जाड फेल्टच्या पट्ट्या ठेवतो, आणि भोकावर कापडाचं ठिगळ."

"कापड कुठलं?"

"डेक्रॉन. म्हणजे पॉलिएस्टरच."

अहो, तुमचा चेहरा! तुम्हाला मरणाची भीती वाटली नव्हती, पण त्या शब्दाने वाटली. जन्मभर तुम्ही पॉलिएस्टरशी वैर धरलंत. पॉलिएस्टरनेच आमच्या मिल खाल्ल्या, असं तुमचं ठाम मत. मिल बंद पडली त्या वर्षी मी टेरिकॉटची साडी आणली, तर तुम्ही दोन दिवस माझ्याशी बोलला नव्हता. घरातल्या चादरी, पडदे, नानांचे पायजमे, सगळं सुती, तुमच्या हुकमावरून. इस्त्री करून करून माझे हात मोडायची वेळ आली. आणि आता तुमच्या हृदयालाच!

"सुती नाही का काही?" तुम्ही विचारलंत. खरंच विचारलंत. डॉक्टरला हसू आवरेना. म्हणाला, "काका, सुती शरीरात विरून जाईल. हे टिकतं." तुम्ही म्हणालात, "ठीक आहे. पण आधी कापड दाखवा."

दुसऱ्या दिवशी तो भला माणूस खरोखर नमुन्याचा एक तुकडा घेऊन आला. तुम्ही मला घरी पिटाळलंत, मिलमधली तुमची सूत मोजायची काच आणायला. चौकोनी पितळी काच, घडीची. अतिदक्षता विभागात, एक पाय सरळ ताणलेला, छातीवर तारा, आणि तुम्ही डोळ्याला काच लावून उभे-आडवे धागे मोजताय. नर्सा गोळा झाल्या. मोजून झाल्यावर तुम्ही काच मिटलीत आणि म्हणालात, "वीण घट्ट आहे. रक्त गळणार नाही. किसने बुना है, भिया? चांगला कारीगर आहे." मग माझ्याकडे बघून, हळूच, "वहिनी, तुम्ही जिंकलात." मी हसले आणि बाहेर जाऊन खूप रडले.

सहा दिवस फुग्यावर काढले तुम्ही. सातव्या दिवशी ऑपरेशन झालं. सकाळी तुम्हाला आत नेलं ते दुपार टळली तरी बाहेर कुणी येईना. नाना जपमाळ ओढत बसले होते, माझ्या तोंडून एक नाव निघत नव्हतं. माझ्या डोक्यात एवढंच, चीक गार होतोय, चीक गार होतोय. माझाच आवाज. शेवटी डॉक्टर आला, टोपी काढली, केस घामाने चिकटलेले. "ठिगळ बसलं, काकू. गळती नाही." मी त्या मुलाच्या पायाच पडणार होते, त्याने धरलं मला. म्हणाला, "आता पुढचे दोन दिवस अवघड. पण काका भांडखोर आहेत, ते कामाला येईल."

भांडखोर तर होताच. शुद्धीवर आल्यावर घशातली नळी काढली, आणि पहिला शब्द कोणता? देवाचं नाव? भावाचं? "जीरावन." अहो, हद्द असते माणसाची!

घरी आलात, हाडांची नुसती जुडी झाली होती, पण जीभ शाबूत. महिनाभराने पहिली तपासणी होती. तुम्ही डॉक्टरांच्या खोलीत बसलात, मी खाली औषधं आणायला गेले. येताना गाडीत तुम्ही पुढे बसून सहज सांगितलंत, जसं काही पाऊसपाण्याचं बोलताय, "वहिनी, मी विचारलं डॉक्टरला. म्हणाले, रविवारी आलो असतो तरी हेच झालं असतं. भोक पडायचंच होतं. टेन्शन नका घेऊ."

मी खिडकीबाहेर बघत राहिले. भावजी, तेव्हा मी तुमच्या त्या वाक्याला घट्ट धरलं. वाटलं, सुटले. पण आत कुठेतरी खडा टोचत राहिला. तुम्ही तर त्यावर विनोदच सुरू केलेत. आल्यागेल्याला सांगायचात, "वहिनींच्या ओव्यावर मी दोन दिवस काढले, सांगतो काय! डॉक्टर म्हणाले, ओव्यात पॉवर आहे." लोक खोखो हसायचे. मीही हसायचे. रात्री उशीत तोंड खुपसून काय करायचे ते नानांनाही सांगितलं नाही.

त्यानंतरची अकरा वर्षं म्हणजे नुसता धिंगाणा होता आणि त्यासाठी मी देवाचे आभार मानते, तुमचे नाही. दरवर्षी ऑपरेशनच्या दिवशी तुम्ही ठिगळाचा वाढदिवस करायचात. परदेशीपुऱ्याची सगळी मंडळी घरी, पोहे माझ्या गळ्यात. तुम्ही कडक इस्त्रीचा सुती कुडता घालून मध्ये बसणार आणि छातीवर हात ठेवून भाषण ठोकणार, "आत पॉलिएस्टर आहे ते आहे, बाहेर येऊ देणार नाही." मी म्हणायचे, आता तरी पॉलिएस्टरला नावं ठेवू नका, खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत. तुम्ही म्हणायचात, "वहिनी, किरायेदार आहे तो, मालक नाही." हा वाद मिटलाच नाही. रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत चोरून गराडूचे तळलेले काप खाऊन यायचात आणि पकडले गेलात की म्हणायचात, ठिगळाला भूक लागली होती.

आणि मी काय झाले ते तुम्हाला माहीतच आहे. माझा ओव्याचा डबा मी फडताळाच्या अगदी मागे ढकलला आणि गल्लीतल्या कुणाच्याही छातीत जरा कळ आली की त्याला धरून ईसीजीला न्यायला लागले. मंजू भाभीला नेलं, गॅस निघाला. गॅसचं सिलिंडर आणणाऱ्याला नेलं, त्याला सिलिंडर उचलून पाठीत उसण भरली होती. नाना मोठ्याने ढेकर द्यायलाच घाबरायला लागले, अंगणात जाऊन देऊन यायचे. तुम्ही त्याला नाव दिलंत, वहिनींचा ईसीजी मोर्चा. लोक मला बघून रस्ता बदलतात, असं तुम्ही सांगायचात, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

मग तो रामेश्वर भियाचा दिवस. तुमच्याशी पत्ते खेळायला आले होते, डाव हातात, आणि म्हणाले, डाव्या खांद्यात कुछ तो हो रिया है. तुम्ही म्हणालात, "हरतोयस म्हणून." मी मात्र पत्ते हिसकावले आणि त्यांना रिक्षात घातलं. ते "अरे भाभीजी, बाजी तो पूरी होने दो" म्हणून ओरडत होते. तासाभरात रक्तवाहिनी उघडली, स्टेंट घातला. तीन दिवसांनी माणूस घरी, आठवड्याने परत आपल्या ओसरीवर. ना फुगा, ना ठिगळ, ना भोक. सगळी मिल मंडळी माझ्या पाया पडायला आली. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. आणि मी, भावजी, मी त्या दिवशी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसले. कारण वेळेवर नेलेलं माणूस कसं घरी येतं ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. तुम्ही गाडीत सांगितलेलं वाक्य त्या दिवशी माझ्या हातून सुटलं.

डॉक्टरला विचारता आलं असतं. दर सहा महिन्यांनी तुमच्याबरोबर जात होते. जीभ रेटली नाही. पोरांना म्हणायचे, शंका आली की हात वर करा, लाजू नका. स्वतःचा हात अकरा वर्षं खाली.

तुम्हाला सांगायचा प्रयत्न एकदा केला होता. आपण तिघं मानपूरला गेलो होतो, हायवेवरच्या त्या ढाब्यावर, तुम्हाला दाल-बाफले, ते कणकेचे भाजके गोळे, खायचे होते म्हणून. नाना हात धुवायला गेले. मी म्हटलं, "भावजी, त्या रविवारी मी तुम्हाला जे बोलले..." तुम्ही बाफला तुपात बुडवत होता. वर न बघता म्हणालात, "वहिनी, बाफला गार झाला की दगड होतो. आधी खाऊन घ्या." मी म्हटलं, "अहो, ऐका तरी." तुम्ही माझ्या ताटात आणखी तूप ओतलंत. मग नाना आले. मला तुमचा इतका राग आला म्हणून सांगू! वाटलं, या माणसाला गंभीर म्हणून काही नाहीच. घरी येईपर्यंत मी तुमच्याशी बोलले नाही आणि तुम्ही मागे बसून घोरत आलात.

तुमचा शेवटचा दिवस मात्र तुम्हाला शोभेल असाच होता. दुपारची वेळ, ओसरीवर ऊन, आपण दोघं मटार सोलत बसलो होतो. पातेल्यात दाणे वाढेनात. मी म्हटलं, "सोलताय की खाताय?" तुम्ही म्हणालात, "दोन्ही." मी चहा टाकायला आत गेले. बाहेर आले तर तुम्ही खुर्चीला मान टेकून बसला होता, मांडीवर शेंगा, चेहरा असा की आता काहीतरी चावट बोलणार. हाक मारली. दुसऱ्यांदा मारली. मग कप खाली ठेवला. तुमच्या कपाळाला हात लावला तेव्हा ते उन्हाने गरमच होतं.

काल तो डॉक्टर घरी आला होता, भेटायला. आता कानशिलावर केस पांढरे झालेत त्याचे. म्हणाला, हृदय दमलेलंच होतं, ठोका चुकला आणि थांबलं, त्रास झाला नसणार. म्हणाला, "एवढ्या दमलेल्या हृदयावर एवढी वर्षं हसत काढलेला पेशंट मी दुसरा पाहिला नाही, काकू." नाना त्याच्यासाठी चहा करायला आत गेले. हो, आता करतात, बरा करतात. आम्ही दोघंच होतो. आणि मी हात वर केला.

"डॉक्टर, एक विचारते. त्यांना रविवारीच आणलं असतं, तर?"

नाना गेले त्या दाराकडे तो बघायला लागला. मी म्हटलं, "मी मास्तरीण आहे. खोटं उत्तर मला लगेच कळतं."

"रविवारी सकाळी आणलं असतं," तो हळू म्हणाला, "तर रक्तवाहिनी वेळेत उघडता आली असती. भोक बहुतेक पडलं नसतं, काकू."

बस. अकरा वर्षं ज्याला भीत होते ते उत्तर एवढंसंच होतं. मला रडू आलं नाही.  मी म्हटलं, "पण तुम्ही तर भावजींना सांगितलं होतं, की रविवारी आलो असतो तरी हेच झालं असतं."

"मी?" डॉक्टर म्हणाला. "मी असं कधीच नाही म्हटलं. काकांनी पहिल्या तपासणीलाच विचारलं होतं, तुम्ही खाली औषधं घ्यायला गेला होता तेव्हा. मी जे आत्ता तुम्हाला सांगितलं, तेच त्यांना सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, हे वहिनींना सांगायचं नाही. मी म्हटलं, त्यांनीच विचारलं तर? तर म्हणाले, माझ्यासमोर नाही विचारणार त्या. मी गेल्यावर विचारतील. तेव्हा खरं सांगा, त्यांना खोटं चालत नाही. आणि सांगा, की मला माहीत होतं."

भावजी! तुम्हाला माहीत होतं?

म्हणजे गाडीत बसून तुम्ही माझ्यासाठी ते वाक्य तयार करत होता. मानपूरला तूप ओतून माझं तोंड बंद केलंत ते मुद्दाम. आणि मी तुम्हाला उथळ समजत राहिले, घरभर तणतणत राहिले. काय म्हणावं तुम्हाला? असता समोर तर चांगलं फैलावर घेतलं असतं. माझी चूक होती, भावजी. गॅस नव्हता तो, आणि तुम्ही कामचुकारही नव्हता. दारात उभ्या माणसाचा घाम पाहून मी त्याच्या हातात पातेलं दिलं. तुम्ही मला हे म्हणू दिलं नाहीत, म्हणून आज म्हणते. माफ करा म्हणायलाही तुम्ही जागा ठेवली नाहीत, आधीच करून मोकळे झालात, मला न विचारता.

काल डॉक्टर गेल्यावर नानांनी विचारलं, "काय झालं? अशी का बसलीस?" मी त्यांना सगळं सांगितलं. पहिल्यांदा. त्यांनी डॉक्टरचा कप उचलला, विसळून ठेवला. मग म्हणाले, "मधूला तुझ्या हातचं फार आवडायचं गं."

तेच तर. सगळं माहीत असून तुम्ही अकरा वर्षं, रोज दोन्ही वेळा, माझ्याच हातचं जेवलात, आणि वर ताट पुढे करून म्हणायचात, "वहिनी, अजून वाढा."